सांगली-मिरजेत मुलांना घेऊन कुठं जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विश्रामबागला राहते. घरात दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि सासूबाई. गेली चार वर्षं महिन्यातला एक दिवस आम्ही पोरांसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी मॉल नाही, गेम झोन नाही. आपल्या गावात माणसं हातानं जी कामं करतात ती बघायला जातो, आणि जिथं जाऊ तिथं निवांत बसतो. शाळेच्या गेटवर, वाढदिवसाच्या घरी, जिन्यात भेटणाऱ्या आईबाबांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले त्यांची उत्तरं इथं लिहिली आहेत.

गणपती मंदिर झालं, आमराई झाली. सांगलीत मुलांना दाखवायला आणखी आहे तरी काय?

खूप आहे. फक्त त्याला तिकीटखिडकी नाही, म्हणून ते "बघण्यासारखं ठिकाण" वाटत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली, पण तिघांचे स्वभाव अजून वेगळे आहेत. सांगली म्हणजे हळदीची, गुळाची, बेदाण्याची बाजारपेठ. मिरज म्हणजे सतारी-तंबोरे, दवाखाने आणि रेल्वे. कुपवाडला कारखाने. भोवती ऊस, द्राक्षं आणि मधून कृष्णा. मोठ्या शहरातल्या मुलांना असल्या गोष्टी संग्रहालयात काचेमागं बघायला मिळतात. आपल्याकडं त्या भाजी आणायच्या वाटेवर आहेत.

माझी मुलगी रोज रात्री हळदीचं दूध प्यायची आणि हळद कारखान्यात तयार होते असं समजायची. तिला पहिल्यांदा हळदीचं गड्डं हातात दिलं त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं.

एकाच ठिकाणी जायचं असेल तर कुठं जावं?

मिरजेला, सतारमेकर गल्लीत.

दीडशे वर्षांहून जास्त काळ मिरजेत तंतुवाद्यं बनतात. हे काम सुरू करणारी शिकलगार मंडळी मुळात हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपत आले तसे तेच हात सतारीकडं वळले. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेतलं आद्य नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही वाद्यं इथलीच अशी सरकारी ओळख. ही माहिती मुलांना घरूनच सांगून न्या, कारण तिथं पोचल्यावर ती तुमचं काही ऐकणार नाहीत. त्यांचे डोळे भोपळ्यांवर खिळलेले असतात.

एवढे मोठाले भोपळे! आढ्याला टांगलेले, भिंतीला रचलेले, काही नुसते वाळलेले, काही कापून आतून खरवडलेले. हे खायचे नव्हेत, कडू असतात. मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला त्यांची खास लागवड होते. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, हव्या त्या गोलाईत आणतात. मग त्याला लाकडी गळा, दांडी, वरून तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी झाकणी, खुंट्या. हे सगळं एका बैठकीत बघायला मिळत नाही. एका दुकानात कोणी दांडी तासत असतं, दुसऱ्यात कोणी नक्षीच्या पट्ट्या चिकटवत असतं. दोनतीन दुकानं फिरलात की तुकडे जुळतात, आणि ते जुळवण्यात मुलांना मोठी गंमत वाटते.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे जवारी लावणं. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा कानसेनं अगदी हलका घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा घासतात. आम्ही बसलो होतो तेव्हा एक म्हातारे काका हे काम करत होते. सुरुवातीला तार नुसती "टंग" करून थांबायची. त्यांनी चारपाच वेळा कानस फिरवली, मग तारेखाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवला आणि बोटानं तार सोडली. तोच सूर मधमाश्यांसारखा गुणगुणत कितीतरी वेळ खोलीत राहिला. माझा मुलगा एका जागी दोन मिनिटं बसत नाही, तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. काकांनी त्याला विचारलं, "बाळा, फरक कळला का?" त्यानं मान हलवली. "मग तुझा कान चांगला आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यानं त्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

दुकानात असं नुसतं बघत बसू देतात का?

आमच्या अनुभवात देतात, पण विचारायची रीत पाळा. दारात उभं राहून "काका, पोरांना काम दाखवायचंय, थोडा वेळ बसलो तर चालेल का?" एवढं म्हणायचं. काम घाईचं असेल तर ते नंतर या म्हणतात, तेव्हा खुशाल नंतर जायचं. तारांना, कानशींना, पॉलिशला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एक तंबोरा तयार व्हायला कित्येक दिवस लागतात. त्याच्यावर एक ओरखडा म्हणजे कोणाची तरी मजुरी गेली, हे मुलांना आधी नीट सांगा. तशीच वेळ आली तर एखादी छोटी वस्तू विकत घ्या, पण ती बसण्याची किंमत म्हणून नको. मुलांच्या हातानं, आवडली म्हणून घ्या.

आमच्या घरात गाणंबिणं कोणाला कळत नाही. तरी न्यावं का?

जरूर न्या. आम्हालाही कळत नाही. सतारमेकर गल्लीतून चालत मीरासाहेब दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि इथंच विसावले. दर्ग्याच्या उरुसात दर वर्षी मोठमोठे कलाकार येऊन गाऊन-वाजवून जातात. पोरांना रात्री फार वेळ जागवू नका. अर्धा तास ऐकलं तरी बास. ज्या हातांनी तंबोरा केला त्या गल्लीपासून तो ज्या मैफलीत वाजतो तिथपर्यंत मूल चालत गेलं, याचं मला फार मोल वाटतं.

हळदीच्या बाजारात मुलांना नेणं ठीक आहे का? तिथं गर्दी असते, धूळ असते.

दोन्ही असतं. म्हणून वेळ निवडून जायचं. नवी हळद साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून यायला लागते आणि पुढं काही महिने वसंतदादा मार्केट यार्डात तिची रेलचेल असते. सौदे जोरात असतात तेव्हा आत घुसू नका. हमालांच्या वाटेत पोरं येतात आणि पाठीवर पोतं असलेल्या माणसाला एकदम थांबता येत नाही. आम्ही पहिल्या खेपेला हीच चूक केली. ऐन सौद्यात गेलो, मुलगा शिंकून शिंकून बेजार झाला आणि मुलगी घाबरून माझ्या पदराला धरून होती. पुढच्या वेळी ओळखीच्या अडत्यांना आधी फोन केला, सौदे उरकल्यावर गेलो, तोंडाला रुमाल बांधले. मग निवांत बघता आलं.

काय बघायचं? ढीग तर आहेतच. पण एका ढिगातलं बोटासारखं लांबट हळकुंड आणि दुसऱ्यातलं गोलसर गड्डं शेजारी ठेवून बघा. हळकुंड मोडून आतला रंग बघा. वास घ्या. शेतात लावल्यापासून काढेपर्यंत हळदीला आठनऊ महिने लागतात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची आणि फिरत्या पिंपात घासून तिची साल झटकून पॉलिश करायचं. आपण डब्यातून चमच्यानं काढतो त्याच्यामागं एवढा रस्ता आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथली राजापुरी हळद लांबलांब जाते.

येताना पावशेर हळकुंडं घेऊन या, कारण खरी मजा घरी आहे. खलबत्त्यात पोरांना कुटू द्या. ती पूड थोड्या पाण्यात कालवून त्यात पांढरे कागद बुडवा आणि सावलीत वाळवा. पिवळे कागद तयार झाले की साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर चित्रं काढायला सांगा. काडी टेकताक्षणी रेघ तांबडी होते. मग त्याच रेघेवर लिंबू पिळा, ती पुन्हा पिवळी होते. हळदीतला रंग क्षारानं लाल होतो आणि आंबटानं परत फिरतो, एवढंच शास्त्र आहे, पण सहा वर्षांच्या पोराला ती जादूच वाटते. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीपासूनच करतात ते याच गुणामुळं. सासूबाईंनी हे सांगितल्यावर मुलगी देवघरात जाऊन हळदीकुंकवाच्या कोयऱ्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली.

कपड्यांवर डाग पडतीलच. साबण लावला की ते लाल होतात म्हणून घाबरू नका. धुवून कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा डाग उन्हानं उडतो. हा सुद्धा एक प्रयोगच आहे.

हरिपूरची पेवं अजून बघता येतात का?

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून हळद साठवायची पद्धत होती. त्यालाच पेव म्हणतात. तोंड बारीक, पोट मोठं, वीसेक फूट खोल. तोंड मातीनं बंद केलं की आतली हळद कसलंही औषध न घालता वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून बहुतेक पेवं निकामी झाली. जागा दाखवणारी जाणती माणसं गावात आहेत, त्यांना विचारूनच जा. पोरांना कडेवर उभं करू नका, आणि कुठलंही उघडं पेव दिसलं तरी आत डोकवायला सोडू नका. पेव उघडल्यावर मुरलेली मंडळीसुद्धा लगेच उतरत नसत, आधी कोंडलेली हवा जाऊ देत. हे कारण मुलांना सांगितलं की ती आपणहून चार पावलं मागं राहतात.

तिथपर्यंत गेलात तर संगमेश्वराच्या देवळापाशी कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथं घाटावर बसा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसले तर मुलांना कुठलं पाणी कुठल्या नदीचं हे ओळखायला लावा.

नदीवर मुलांना नेणं सुरक्षित आहे का?

घाटावर बसायला, हो. पाण्यात उतरायला, नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. "आम्ही लहानपणी पोहत होतो" असं आजोबा म्हणतात ते खरं आहे, तरी आज पाय बुडवू नये. मुलं पाण्याच्या कडेपासून लांब, वरच्या पायऱ्यांवर, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात.

लांबून मगर बघायला मिळाली तर मात्र ते भाग्य समजा. हिवाळ्यात सकाळी ऊन खायला ती काठावर येऊन पडते. पुलावरून किंवा उंच काठावरून बघायचं, दगड मारायचे नाहीत, ओरडायचं नाही. चिखलात ओंडका पडलाय असं वाटतं आणि मग तो ओंडका हळूच तोंड उघडतो.

पावसाळ्यात पाणी भरून असतं तेव्हा कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. तारखा पाण्यावर ठरतात, नदीपलीकडच्या सांगलवाडीत ओळखीचं कोणी असेल तर विचारून ठेवा. वल्ह्यांचा तो एका दमातला ठेका ऐकायला मुलं पुन्हा पुन्हा मागतात.

पुराच्या आठवणी मुलांना सांगाव्यात की नको? घाबरतील असं वाटतं.

माझं मत, सांगाव्यात. आपण सांगितल्या नाहीत तरी ती मोबाइलवर बघतात, आणि तिथलं पाणी नुसतं भीती घालतं.

आम्ही हे आयर्विन पुलावरून सुरू केलं. १९२९ साली खुला झालेला हा पूल आहे आणि कृष्णेची पातळी इथंच मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे सांगलीकरांना पाठ आहेत, पण मुलांना ते नुसते आकडे. म्हणून आम्ही सुतळी घेतली, घरी गच्चीवर टेपनं ४० आणि ४५ फुटांना लाल आणि काळ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या आणि ५७ फुटांवर तिसरी. पार्किंगमध्ये ती सुतळी लांब पसरली आणि मुलगी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. शेवटच्या गाठीपाशी येऊन ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं उंच पाणी उभं होतं?"

त्यानंतर गावभागात पुराच्या खुणा शोधायला निघालो. कुठं दुकानाच्या भिंतीवर, कुठं घराच्या दारापाशी रंगानं आडवी रेघ आणि वर्ष लिहिलेलं सापडतं. २००५, २०१९, २०२१. कुठली रेघ सगळ्यात वर, ती कोणाच्या डोक्याच्या वर जाते, तिथली माणसं तेव्हा कुठं गेली, हे मुलं स्वतःच विचारायला लागतात. एका किराणा दुकानातल्या मावशींनी माझ्या मुलीला २०१९ ची अख्खी रात्र सांगितली. होडीतून कोण आलं, सोबत काय घेतलं, परत आल्यावर चिखल किती दिवस काढला. ती घाबरली नाही. तिनं विचारलं, "मग तुम्हाला भाकरी कोणी दिली?" आणि मावशी डोळे पुसत हसल्या.

हे घाईनं करायचं काम नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका. ती माणसं आपणहून बोलली तर ऐका.

ज्याला पैसे लागत नाहीत असं काही आहे का?

बहुतेक सगळ्यालाच फार पैसे लागत नाहीत. तरी अगदी कमी खर्चाचं म्हणाल तर मिरज जंक्शन. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, डबा घेऊन जा आणि दोन तास बसा. इंजिन जोडणं, सोडणं, डब्यांवरचे फलक वाचून गाडी कुठून कुठं चालली ते नकाशावर शोधणं. पुण्याकडं, कोल्हापूरकडं, पंढरपूरकडं आणि बेळगावकडं, चारही बाजूंना इथून रूळ जातात.

तिथं बसल्यावर पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेतून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून तिकडं धाडलं. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० टाक्यांच्या गाडीतून २५ लाख लिटर जायला लागलं. आमच्या बादलीत १० लिटर बसतं. ५ लाख लिटर म्हणजे किती बादल्या, हे मुलीनं जमिनीवर बोटानं मांडून काढलं. ५० हजार. घरी येऊन तिनं दात घासताना नळ बंद केला, न सांगता. जे गाव पुरात बुडतं तेच गाव दुसऱ्याची तहान भागवतं, हे मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

उत्साह असेल तर मिरजेतून पॅसेंजरनं किर्लोस्करवाडीपर्यंत जाऊन या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखाना आणि त्याच्याबरोबर वसाहत उभी केली. वाटेत ऊस, हळद, द्राक्षबागा खिडकीतून दिसतात. पोरांना खिडकीची जागा मिळाली की बाकी काही लागत नाही.

मुलगा फार दंगा करतो. त्याला कुठं नेऊ?

तालमीत. सकाळी लवकर.

सांगली हा पैलवानांचा मुलूख. जवळच्या कवठे पिरानचे मारुती माने १९६४ चे हिंदकेसरी. पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. म्हणून मुलींनाही न्या. फक्त सगळ्या तालमींचे नियम सारखे नसतात, आधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर, आत गेल्यावर मारुतीला नमस्कार, आणि लाल मातीत आपणहून पाऊल टाकायचं नाही. त्या हौद्यातल्या मातीत तेल, ताक, लिंबू आणि हळद मिसळलेली असते. माझ्या मुलानं वास घेऊन हळद ओळखली आणि वस्ताद खूश झाले. त्यांनी त्याला पाच जोर मारायला लावले. दोन झाले. त्या दिवसापासून तो रोज सकाळी मोजून जोर मारतो, परवा अकरावर पोचला.

घरातच काही करता येईल का? पाऊस आहे, आजारपण आहे.

दोन गोष्टी सांगते.

एक, भडंग. सांगलीचं भडंग सगळीकडं जातं, पण घरी पोरांबरोबर करण्यात वेगळी मजा आहे. लसूण सोलायचा कार्यक्रम मुलांकडं द्या, त्यात अर्धा तास जातो. लसूण ठेचायचा, तेलात शेंगदाणे तळून काढायचे, मग त्याच तेलात लसूण आणि कढीपत्ता चांगला कुरकुरीत होईपर्यंत परतायचा. गॅस बंद करून हळद, तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर घालायची, चुरमुरे टाकायचे आणि गॅस पुन्हा लावून मंद आचेवर हलक्या हातानं हलवत राहायचं. गॅसजवळचं काम मोठ्यांचं. तिखट किती घालायचं हे मात्र मुलांनी ठरवायचं, आणि ठरवलेलं त्यांनीच खायचं.

दोन, नाटक. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. आम्ही त्या संध्याकाळी घरात नाटक करतो. दोन खुर्च्यांना सासूबाईंचं नऊवारी बांधून पडदा, टॉर्चचा उजेड, कागदी बाहुल्या. भावे स्वतः लाकडी बाहुल्या करायचे हे सांगितल्यापासून मुलीनं बाहुल्यांचं काम आपल्याकडं घेतलंय. संवाद पाठ नकोत, गोष्ट माहीत असली की पोरं बोलतात. शेजारच्या दोन घरांना बोलवा. प्रेक्षक असला की मुलं वेगळीच खुलतात.

तासगावला बेदाणा करताना बघता येतो का?

येतो, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बागायतदार ओळखीचा असेल तर. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, दोनेक आठवड्यांत बेदाणा होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. मूठभर द्राक्षं आणि मूठभर बेदाणे मुलांना शेजारी मोजायला द्या.

जंगल, प्राणी असं काही?

सागरेश्वर. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य आहे, १९८५ मध्ये जाहीर झालं. विशेष म्हणजे हे जंगल माणसांनी वाढवलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून, राखून ते उभं राहिलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. चितळ, सांबर, काळवीट दिसतात, पण सकाळी लवकर गेलात तरच, आणि पोरं गप्प राहिली तरच. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्यांचं ते साधं घर मुलांना दाखवा.

अर्ध्या दिवसात उरकायचं असेल तर भोशाजवळचा दंडोबा. चढ सोपा, वर डोंगरात कोरलेलं देऊळ.

उन्हाळ्यात कसं जमवता?

सकाळी सहाला बाहेर, दहाला घरात. एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन पोरांना सोसत नाही. दुपारी भडंग, बाहुल्या, झोप.

घरात आजी-आजोबा आहेत, त्यांना सोबत नेता येईल का?

त्यांच्याशिवाय जाऊच नका. मी शोधून सांगते त्यापेक्षा सासूबाई आठवून सांगतात ते मुलांना जास्त लागतं. फक्त चालणं कमी ठेवा. मिरज स्टेशन, सतारीची दुकानं, हरिपूरचा घाट इथं बसायला मिळतं. दंडोबा आणि मार्केट यार्ड त्यांना जड जातं.

तीन वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार?

भोपळा मोठा आहे हे कळतं. इंजिनाचा भोंगा कळतो. एवढ्यावर खूश व्हा आणि तासाभरात परत फिरा. पाणी, टोपी, बदलायचे कपडे.

मोठा मुलगा चौदा वर्षांचा आहे, यायलाच तयार नाही. मोबाइल सोडत नाही.

माझी मुलं अजून तेवढी नाहीत, पण आमच्याबरोबर येणारा भाचा आहे. त्याला "चल" म्हटलं की येत नव्हता. त्याच्याकडं काम दिलं तसा येऊ लागला. जवारी लावण्याआधीचा आणि नंतरचा तारेचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, काकांची परवानगी घेऊन. पुराच्या खुणा नकाशावर टिपायच्या. पॅसेंजरचं वेळापत्रक बघून सगळ्यांचा दिवस आखायचा. या वयात मुलांना सोबत ओढून नेलेलं आवडत नाही, आपल्यावाचून अडतंय असं दिसलं की येतात. मोबाइल काढून घेऊ नका, त्याच कामाला लावा.

एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

एक. आम्ही एकदा हौसेनं पाच ठिकाणं ठरवली. तिसऱ्या ठिकाणी धाकट्यानं गाडीत उलटी केली आणि मुलीला संध्याकाळी विचारलं तर तिला फक्त आइस्क्रीम आठवत होतं. एका जागी दोन तास बसल्याशिवाय काम करणाऱ्याचा हात दिसत नाही.

आम्ही पुण्याहून एका दिवसासाठी येणार आहोत. काय सुचवाल?

सकाळी रेल्वेनं मिरजेला उतरा. स्टेशनवर थोडा वेळ घालवा, मग रिक्षानं सतारमेकर गल्ली, दोन तास. जेवण करून दर्ग्यात टेका. उन्हं कलली की हरिपूरचा घाट, आणि वेळ उरला तर आयर्विन पुलावरून चालत सांगलवाडीच्या टोकाला जाऊन परत. गणपतीच्या दिवसांत येत असाल तर मिरजेतल्या विसर्जन मिरवणुकीच्या रंगवलेल्या स्वागत कमानी बघा, पण लहान मुलांना त्या आदल्या दिवशी दाखवा, गर्दीच्या रात्री नको. जाताना हळकुंडं आणि भडंग घ्या. सतारीची दुकानं त्या दिवशी उघडी आहेत का, हे मात्र निघायच्या आधी फोन करून विचारा.